जांबोटी–कणकुंबी–चोर्ला रस्त्यावरची भुतं: जागा, महिना आणि तिथीसकट लिहा

सीमेकडचा (धागाकर्ता):

पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी आणि पुढं चोर्ला उतरून गोव्यातलं केरी. या रस्त्यावरच्या भुतांचा विषय दर पावसाळ्यात निघतो आणि चार प्रतिसादांत "माझ्या मामाच्या मित्राला दिसलेली" वर येऊन गाळात रुततो. म्हणून यावेळी नियम एकच: स्वतःचे अनुभव नकोत. गोष्ट काय सांगतात, नेमकी कुठं सांगतात, कुठल्या महिन्यातली म्हणतात आणि त्या जागी खरोखर काय असतं, एवढंच लिहा.

गोष्ट टिपून घेताना "वळणावर" एवढ्यावर समाधान मानू नका. घाटात दुसरं असतं काय? जवळचा किलोमीटरचा दगड, मोरी, पूल किंवा देऊळ विचारा. गाडी चढत होती की उतरत होती? महिना कुठला? तिथी आठवत नसेल तर चांदणं होतं का, एवढं तरी. गाडीची काच वर होती की खाली, हे आवाज आणि वासाच्या गोष्टींत सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. वाहन पेट्रोलचं की डिझेलचं? शेवटी, सांगणाऱ्यानं ते कोणाकडून ऐकलं?

हे सगळं कशासाठी, तर भुतं दोन प्रकारची निघतात. एक फिरती. पांढऱ्या साडीतली बाई आंबोलीत सांगतात, अनमोडात सांगतात, हायवेला वंटमुरीच्या घाटातही सांगतात. तिला गाव नाही, तिच्यामागं लागून काही हाती येत नाही. दुसरी मात्र जागा सोडत नाहीत. पिढ्या बदलल्या, डांबर आलं, तरी त्याच मोरीला आणि त्याच महिन्यात. मला ही दुसरी हवीत.

चव्हाटा:

चांगला धागा. आधी जातकुळी लावून घेऊ, नाहीतर सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात.

मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. राहणार पिंपळावर. त्रास किरकोळ: खडे मारणं, वाटसरूला दचकवणं. त्यामुळं मुंजानं ट्रक दरीत ढकलला अशी गोष्ट कोणी सांगितली तर ती अलीकडची जोडाजोड समजा. हडळ आणि अलवंतीण बाळंतपणाशी जोडलेल्या, उलट्या पावलांच्या. समंध आपला ठेवा राखत बसतो, त्याला रस्त्याशी देणंघेणं नाही. खवीस, झोटिंग ही दांडगी मंडळी. गिऱ्हा पाण्यातला, माणसाला खोलात ओढणारा.

साती आसरा मात्र भुतात मोजू नका. त्या जलदेवता. डोहाकाठी सात दगड, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात असं त्यांचं असतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून जांबोटीकडं येते. पावसाळ्यात तिचं पाणी किती चढतं हे पाहायचं तर हब्बनहट्टीचा मारुती बघा, तो नदीतच आहे आणि पुरात पाण्याखाली जातो. अशा नदीच्या डोहांवर आसरांची भीती असणारच. "जुलैत डोहात उतरू नये, आसरा ओढतात" हे पाण्यातल्या भोवऱ्याला आणि शेवाळलेल्या कातळाला धरून आहे. ही तुमच्या दुसऱ्या प्रकारातली गोष्ट: जागाही पक्की, महिनाही पक्का.

या रस्त्याची खरी गंमत वेगळीच. घाटमाथा ओलांडला की भुताचा स्वभाव बदलतो. वरच्या अंगाला सगळी नडणारी भुतं. कन्नड बोलणाऱ्या गावांत देव्व किंवा मोहिनी म्हणतील, पण काम तेच. खाली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतरलात की देवचार भेटतो. तो राखणदार. हातात काठी आणि दिवटी, काठीच्या घुंगरांचा आवाज, रात्री चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो म्हणतात. त्याला रोट, विडी, दारू ठेवतात. कोकणात आरवलीच्या वेतोबाला केळीचा घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि वहाणा झिजवतो अशी श्रद्धा. म्हणजे "मागून घुंगरांचा आवाज आला" ही एकच बाब कणकुंबीच्या अलीकडं पळून जाण्यासारखी आणि केरीच्या बाजूला हात जोडण्यासारखी. त्यामुळं सांगणारा घाटाच्या वरचा की खालचा, हेही तुमच्या यादीत घाला.

सीमेकडचा:

घातलं. हे डोक्यातच आलं नव्हतं.

कार्ब्युरेटर:

मी गाड्यांपुरतं बोलतो. या घाटातल्या गोष्टींत गाडीच्या तीनच तक्रारी असतात.

पहिली, "उतारावर कोणीतरी मागून ढकलत होतं, ब्रेक लागेना, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला गाडीत काहीच सापडलं नाही." दुसरा भाग ऐकून लोक हमखास भुतावर जातात, पण उत्तर त्यातच आहे. सतत ब्रेक दाबून उतरलं की पॅड, डिस्क तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत जाते. नवं डॉट ३ ऑईल साधारण २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ साधारण २३० ला. पण हे तेल हवेतली ओल शोषतं. ओल भरपूर धरली की डॉट ३ चा उकळबिंदू १४० आणि डॉट ४ चा १५५ च्या आसपास येतो. आपल्याकडच्या पावसात दोन वर्षं तेल न बदललेली गाडी या दुसऱ्या आकड्यांजवळ असते असंच धरून चाला. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल पोकळ होऊन खाली बसतं. गाडी अर्धा-पाऊण तास उभी राहिली की वाफेचं परत तेल होतं आणि पेडल होतं तसं टणक. सकाळी मेकॅनिकला सापडणार काय? त्यानं तेलातली ओल तपासली तरच कळेल, आणि ते क्वचित कोणी करतं. उपाय जुनाच: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदला.

दुसरी, "त्या जागी गाडी आपोआप बंद पडली, थोड्या वेळानं आपोआप चालू झाली." ही गोष्ट नवीन गाड्यांची कोणी सांगतं का बघा. जुन्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत धुक्याची ओल बसली की ठिणगी भलतीकडं जायची. उन्हाळ्यात चढावर पेट्रोल पाईपातच वाफ व्हायची. दोन्ही वेळा इंजिन थोडं थांबलं की गाडी सुरू. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर गेले, तशी ही भुतंही गेली. डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळं ट्रकची गोष्ट असेल तर डिझेलच्या पाईपात हवा शिरली होती का विचारा. पण ती आपोआप सुटत नाही, पंप मारून काढावी लागते. डिझेलचा ट्रक भुतानं बंद केला आणि भुतानंच चालू केला, असं कोणी म्हणालं तर ती गोष्ट ऐकीव समजा.

तिसरी, "मागच्या सीटवर बाई बसली आणि मोटारसायकल जड झाली." मागचं चाक हळू पंक्चर झालं की अगदी तसंच वाटतं. मागचा भाग डोलतो, गाडी ओढत नाही. ड्रम ब्रेक चिकटला तरी तेच. थांबून हाताने चाक फिरवून बघायचं एवढंच, पण भ्यालेला माणूस तिथं थांबत नाही, पुढच्या गावापर्यंत रिमवर जातो आणि तिथं "बाई उतरली, पण टायर फाडून गेली" अशी गोष्ट तयार.

पिंगळा:

आवाज, डोळे आणि वास माझ्याकडं.

रस्त्यावर जमिनीलगत दोन लालभडक निखारे, गाडी जवळ गेली की उडून जातात: रातवा. दिवसभर तापलेल्या डांबरावर संध्याकाळनंतर बसतो. त्याची हाक पाखरासारखी वाटतच नाही. लाकडावर कोणी टकटक करावं तशी एकसारखी चालते. कोल्ह्या-कुत्र्याचे डोळे गुडघ्याच्या उंचीला, हिरवट-पिवळे. खरी भीती घालतात ते चार-साडेचार फुटांवर एका रेषेत चमकणारे, न हलणारे डोळे. तो गवा. जांबोटी–कणकुंबीचं रान भीमगड अभयारण्याला लागून, त्यामुळं गवे रस्ता ओलांडतातच. अंग काळं, अंधारात मिसळलेलं. दिसतात फक्त डोळे आणि चारही पायांचे पांढुरके मोजे. धड नसलेली पावलं चालताना दिसली ही गोष्ट त्या मोज्यांवरनं आली असेल तर मला नवल वाटणार नाही. हॉर्न मारू नका, प्रखर दिवा डिपरवर घ्या, थांबा. एक गेला म्हणून लगेच गाडी काढू नका, मागं कळप असतो.

रात्रीची किंकाळी: टिटवी माळावर रात्रीही ओरडते, दचकलेला मोर ओरडतो, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. बाईच्या आक्रोशासारखा लांबलचक आवाज सह्याद्रीतल्या ठिपकेदार पोटाच्या मोठ्या घुबडाचा असू शकतो, पण ते विरळ आहे. प्रत्येक किंकाळी त्याच्या नावावर टाकू नका. आणि "तरस हसलं" हे तर अजिबात नको. हसणारं ते आफ्रिकेतलं ठिपकेवालं. आपलं पट्टेरी तरस फार कमी बोलतं.

शिजलेल्या सुवासिक भाताचा वास, आसपास घर नाही: उदमांजर. त्याच्या ग्रंथींचा वास तसाच येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री डोकं जड करणारा गोड वास असेल तर वर बघा, सातवीण फुललेली असेल. तिला सैतानाचं झाड म्हणतातच. काच खाली होती का, हा सीमेकडचा यांचा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

आता उजेड. मे अखेर ते पहिला जोराचा पाऊस, झाडभर एकदम लुकलुकणारे: काजवे. जून ते सप्टेंबर, कुजक्या ओल्या लाकडावर स्थिर हिरवट उजेड: चमकणारी बुरशी. हा उजेड इतका मंद की डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, वर चंद्र नको. म्हणजे हेडलाईट लावलेल्या गाडीतून तो दिसणं शक्यच नाही. गाडीतून हिरवा उजेड पाहिला म्हणणाऱ्यानं डोळेच पाहिले असणार.

सावकाश:

पांढरी बाई फिरती आहे मान्य. पण धुक्यात ती जास्त का दिसते?

कार्ब्युरेटर:

दोन कारणं. धुक्यात अप्पर लावला की उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यात येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. वळणावर दिव्याचा झोत फिरतो तसा कडेचा चुना लावलेला दगड किंवा झाडाचा पांढरा पट्टा रस्ता ओलांडल्यासारखा सरकतो. दुसरं जास्त भयानक: माणूस "काय आहे बघू" म्हणून उतरून स्वतःच्या हेडलाईटपुढं जातो. त्याची सावली धुक्यावर पडते, अवाढव्य, हात हलवला की हात हलवणारी. उतरणाऱ्याला ती दिसते, आत बसलेल्याला तितकी नाही. म्हणून एकालाच दिसली आणि दुसऱ्याला नाही, याला फार मोठा पुरावा मानू नका.

चव्हाटा:

आणि माळावर चांदण्यात दिसली तर कांडोळ आहे का बघा. पानगळीनंतर नुसतं पांढरंफटक खोड आणि फांद्या. त्याला भुत्या म्हणतात ते उगीच नाही. पण ते कोरड्या डोंगरांवरचं झाड, गोकाक-सौंदत्तीकडच्या गोष्टींना लागू पडेल. कणकुंबीच्या पावसात त्याला ओढूनताणून आणू नका.

ऊसपट्टा:

आमच्या चिकोडी-रायबाग-अथणीकडं घाट न्हाई, झाडी न्हाई, तरी भुतं हाईत की ओ! आमच्याकडं सांगतात ती "रस्त्यात अचानक काळी भिंत उभी राहिली". महिना विचारा: ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. सगळा हंगाम कारखान्याचा.

हिशेब सरळ हाय. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. डिपरवर नीट दिसतं ४०-५० मीटर. काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला दीड-दोन सेकंद, तेवढ्यात २५ ते ३३ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. म्हणजे दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसते तेव्हाच वेळ गेलेली असते. अन् बऱ्याच ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर असतो बरं का! तो ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, आणि ऊस फळीच्या बाहेर तीन-चार फूट लोंबतो, सगळं झाकून टाकतो. रिफ्लेक्टर पट्टी लोंबत्या उसाच्या शेवटच्या मोळीला बांधायला पाहिजे, दोन्ही कडांना, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागच्याला, पुढच्याला बांधून उपयोग न्हाई.

आमची वेताळाची पालखीही तसलीच. पहाटे दोन-तीनला उसाच्या बैलगाड्यांची रांग निघते, आसाखाली कंदील टांगलेला, गाडी चालली की झुलतो. लांबून फक्त झुलणाऱ्या दिव्यांची ओळ दिसते, बैल न्हाई, माणूस न्हाई. हल्ली कंदिलाच्या जागी बॅटरी आली, पालखी तीच.

पिंगळा:

घाटाकडं तीच पालखी जूनमध्ये दिसते. पहिल्या पावसात ओढ्याकाठी खेकडे धरायला बत्त्या घेऊन निघालेली मंडळी. तुमची हंगामात, इकडची मृगात. महिना लिहा म्हणतात ते यासाठीच.

सावकाश:

मग तिठ्यावर अवसेला अपघात होतात हे तरी? उतारा ओलांडला की होतो म्हणतात.

चव्हाटा:

उताऱ्यात काय असतं बघा: भात, अंडं, कधी कोंबडीचं मुंडकं, लिंबू, नारळ, कणकेचा दिवा, हळदकुंकू. ठेवणारा तिन्हीसांजेनंतर तिकाटण्यावर ठेवतो आणि मागं न बघता जातो. आता रात्री अंधारात, चंद्र नाही, रस्त्याच्या मधोमध भात आणि अंडं. गावातली चार कुत्री तिथं भांडणार. दुचाकीवाला कुत्र्याला चुकवायला जातो किंवा उतारा चुकवायला एकदम हँडल मारतो आणि पडतो. उतारा अपघात घडवतो हे खरंच आहे की! फक्त मंत्रानं नाही, भातानं. म्हणून ज्यांना ठेवायचाच आहे त्यांनी डांबरापासून दहा पावलं आत ठेवावा, परंपरेत मधोमध असं काही बंधन नाही. गावाच्या सीमेवर ठेवणं हे मूळ.

सीमेचं महत्त्व आपल्याकडं जास्तच. मरीआईचा गाडा सीमेपर्यंत नेऊन सोडतात, महालक्ष्मीच्या यात्रेचा शेवटही सीमेवर होतो. रोगराई, इडापिडा गावाबाहेर टाकायची जागा ती. त्यामुळं दोन गावांच्या हद्दीवर भुतांची गर्दी असणं साहजिक, दोन्ही गावांचा कचरा तिथं. या रस्त्यावरची जागा न सोडणारी भुतं शोधायची असतील तर गावनकाशात शिवेची रेघ रस्त्याला कुठं छेदते ते आधी बघा. वळणं नंतर.

आणखी एक. कोणाला "बाहेरचं" झालं म्हणून मारहाण, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी असले प्रकार चालले असतील तर ते गुन्हे आहेत. महाराष्ट्रात २०१३ चा कायदा, कर्नाटकात २०१७ चा, २०२० पासून लागू. बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत ६ डिसेंबरला अंधश्रद्धेविरोधात कार्यक्रम होतो, इथले राजकीय नेते सतीश जारकीहोळी तिथं रात्र काढतात, हे सगळ्यांना माहीत आहेच.

सावकाश:

चकवा राहिला. रात्रभर चालून माणूस त्याच झाडाखाली येतो तो.

पिंगळा:

तो खरा आहे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसं गोल फिरून आपल्याच वाटेवर यायची, आणि त्यांना आपण सरळच चाललोय असं वाटायचं. पाय लहान-मोठा असणं वगैरे कारणं तिथं टिकली नाहीत. दिशेच्या अंदाजातली बारीक चूक साठत जाते. चोर्ल्याच्या पठारावर ढग उतरला की तेच. जुनी माणसं सांगायची, चकवा लागला तर बसून घ्या, विडी ओढा, उजाडल्याशिवाय उठू नका. याहून चांगला सल्ला आजही नाही, विडी सोडून.

कार्ब्युरेटर:

हे वाचून कोणी रात्री जागा तपासायला निघणार असेल तर: वळणाच्या तोंडाशी गाडी उभी करू नका. चारी इंडिकेटर, त्रिकोण किमान ५० मीटर मागं. आणि मागं वळण असेल तर वळणाच्या अलीकडं, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा. धुक्यात अंतर वाढवा. चाकाला लावलेले दगड जाताना उचलून कडेला टाका. या घाटात पंक्चर काढून निघून गेलेल्यांचे दगड आणि झाडाच्या फांद्या तशाच पडून असतात. मागून येणारा दुचाकीवाला त्यावर आपटतो आणि त्या जागेचं नाव होतं.

सीमेकडचा:

हे शेवटचं यादीत पहिल्या नंबरला टाकतो: "त्या जागी रस्त्यावर दगड होते का?"

आत्तापर्यंत जागा न सोडणाऱ्यांत डोह, गव्यांची ओलांडणी आणि शिवेवरचे तिठे एवढे आलेत. किणये ते जांबोटी या पट्ट्यातलं कोणी काहीच लिहिलं नाही. गावनकाशे ज्यांच्याकडं असतील त्यांनी शिवेच्या जागा किलोमीटरच्या दगडासह टाका. अनमोड आणि लोंढ्याकडच्या गोष्टींना वेगळा धागा काढा, इथं मिसळू नका.